चुका काढायचा रविवार

"चुका काढा," असं अण्णाने सगळ्यांना बजावून सांगितलं होतं. त्याच्या मनात होते ऱ्हस्व-दीर्घ, गळालेले अनुस्वार आणि शेजारच्या शब्दाला चिकटलेले स्वल्पविराम. छापखान्यात अठ्ठावीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले आणि पुढची बारा वर्षं प्रुफं तपासली, अशा माणसाच्या मनात दुसरं काय येणार? आपल्या आत्मचरित्राच्या पाच प्रती त्याने काढल्या, प्रत्येकीला दोऱ्याने एकेक लाल पेन्सिल बांधली आणि घरोघरी नेऊन दिल्या. रविवारी दुपारी चारला सगळ्यांनी प्रती घेऊन यायचं ठरलं.

सगळे पावणेचारलाच आले. या घराण्यात हे कधी घडलेलं नव्हतं. वहिनीच्या, म्हणजे अण्णाच्या बायकोच्या, गुडघ्याच्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा नाना तासभर उशिरा आला होता.

ताई तर तीनलाच आली होती. ती अण्णाहून तीन वर्षांनी मोठी, म्हणजे पंचाहत्तरीची. दोन गल्ल्या सोडून एका खोलीत एकटी राहायची. तिने लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, हे घरात कोणी विचारलं नव्हतं. आणि आता विचारायची वेळ निघून गेली, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. सरकारी इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर तिची बत्तीस वर्षं गेली. नाव, वय, तक्रार, पुढचा. आपली प्रत तिने दोनदा वाचली होती. पहिल्यांदा गोष्ट म्हणून, आणि दुसऱ्यांदा, कबूल करायला तिला जड जात होतं, स्वतःला शोधत. एकशे बारा पानांत ती कुठेच नव्हती. छापखान्याच्या मालकाचं मांजर दोनदा आलं होतं.

तिच्या प्रतीतली पेन्सिल टोक न मोडता तशीच होती. बाकीच्यांच्या पेन्सिली निम्म्यावर आल्या होत्या.

"सुरुवात मी करतो," नाना म्हणाला. हा सगळ्यात धाकटा भाऊ, सहासष्ट वर्षांचा, गाडी शिकवायची शाळा चालवणारा. त्याने पान तेवीस उघडून टेबलावर आपटलं. पानाला जखम झाल्यासारखं दिसत होतं. "हे काय लिहिलंयस अण्णा? 'धाकटा भाऊ गाडी चालवायच्या परीक्षेत तीनदा नापास झाला.' माझ्या शाळेच्या पाटीवर काय लिहिलंय माहितीये ना? 'पहिल्याच फटक्यात पास.'"

"ते तुझ्या विद्यार्थ्यांबद्दल आहे," अण्णा म्हणाला. "या वाक्यात शुद्धलेखनाची चूक आहे का?"

"अख्खं वाक्यच चूक आहे!"

"माझंही तेच म्हणणं आहे," डॉक्टर म्हणाला. हा अण्णाचा मुलगा, दातांचा डॉक्टर. घरात सगळे त्याला डॉक्टरच म्हणायचे, त्याची आईसुद्धा. "बाबा, पान अठ्ठावन्न. 'मुलाचा दुधाचा दात दोऱ्याने काढला, तेव्हा तो बेशुद्ध पडला. पुढे त्याने हाच धंदा निवडला, यातच सगळं आलं.' काय आलं यात? माझ्या पेशंटने हे वाचलं तर तो खुर्चीत बसेल का?"

"तुम्ही लोकांनी निदान वाचलं तरी," अण्णा म्हणाला. त्याच्या आवाजात समाधानाची छटा होती, आणि तिनेच सगळे जास्त भडकले.

मग वहिनी बोलली. ती कधी ओरडत नसे. ती चष्मा लावून, बोट ठेवून वाचायची, आणि ऐकणाऱ्याला ओरडणं परवडलं असतं असं वाटायचं. "पान एक्केचाळीस. 'त्या वर्षी माझं लग्न झालं. त्याच वर्षी छापखान्यात नवीन छपाईयंत्र आलं.'" तिने पान उलटलं. "इथून पुढे यंत्र. बेचाळीस, यंत्र. त्रेचाळीस, यंत्र. चव्वेचाळीसवर यंत्राला तेल घालतात. पंचेचाळीसवर ते पहिल्यांदा बिघडतं, तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी येतं." तिने चष्मा काढला. "मला एक ओळ, यंत्राला चार पानं. माझ्यापेक्षा त्याचा आवाज कमी होता का?"

"अगं, यंत्राबद्दल लोकांना माहिती नसते."

"आणि माझ्याबद्दल असते?"

नाना आणि डॉक्टर यांचं पुस्तकातून बाहेर पडायचं चाललं होतं, आणि वहिनीचं आत शिरायचं. तरी पाच मिनिटं तिघं एका बाजूला होते. मग नाना म्हणाला, "सरळ पुस्तकच रद्द कर. कोणाला हवंय?" आणि वहिनी चटकन उलटली.

"रद्द का म्हणून? चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचं छापलं. एकदा स्वतःचं छापलं तर तुमच्या पोटात का दुखतं?"

"वहिनी, आत्ता तर तुम्हीच..."

"मी त्यांची बायको आहे. मी बोलेन. तुम्ही कोण?"

"धाकटा भाऊ," नाना कडवटपणे म्हणाला. "पान तेवीस."

छोटी अजून बोलली नव्हती. ती अण्णाची मुलगी, चाळिशीची, पोहणं शिकवायची. खिडकीजवळ हाताची घडी घालून उभी होती. तिची प्रत बंद होती. ताईचं लक्ष सारखं तिकडेच जात होतं. केसपेपरच्या खिडकीवर असंच असायचं. आरडाओरडा करणारे बहुधा घरी परत जायचे. गप्प उभा असलेला माणूस भरती व्हायचा.

"तीनशे प्रती काढतोय," अण्णा सांगत होता. "वाचकांना प्रामाणिक लेखन लागतं."

"कुठले वाचक?" डॉक्टरने विचारलं. "तुम्ही तीनशे माणसं ओळखता?"

अण्णाने मनात मोजून पाहिलं असावं. "ओळखत नसलेली माणसंही वाचतात," तो म्हणाला. "ओळखत नसलेल्यांसाठीच तर लिहायचं असतं."

"मग ओळखीच्यांची नावं कशाला घातलीस?" नाना.

आता हे रात्रीपर्यंत चालणार, अशी चिन्हं दिसू लागली. तेव्हा नानाच्याच डोक्यातून ती कल्पना निघाली. "ताईला निकाल द्यायला सांगू. तिचं यात काहीच अडकलेलं नाही. पुस्तकात तिचं नावसुद्धा नाही. तिच्याएवढं निःपक्षपाती कोण मिळणार?"

"खरंच की," डॉक्टर म्हणाला. "आत्या, तूच सांग."

"वन्सं सांगतील ते मला मान्य," वहिनी म्हणाली.

कोणालाही यात काही वावगं वाटलं नाही. ताईलाही क्षणभर आपला मान झाल्यासारखंच वाटलं. तिने खुर्ची टेबलाशी ओढली, पुस्तक समोर ठेवलं आणि तिचा आवाज आपोआप खिडकीवरचा झाला.

"एकेक जण या. नाना, तक्रार सांग. किती वेळा नापास झालास?"

"दोनदा."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा गाडी सुरूच झाली नाही. म्हणजे परीक्षा झालीच नाही."

"का सुरू झाली नाही?"

नाना घुटमळला. "किल्ली घरी राहिली होती."

"अण्णा, दोनदा कर. किल्लीचं लिहू नकोस. पुढचा."

नानाने विजयी मुद्रेने आजूबाजूला पाहिलं. किल्लीचं पुस्तकात मुळात नव्हतंच आणि ते आता आपण स्वतःच सगळ्यांना सांगून बसलो, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

"डॉक्टर. बेशुद्ध पडला होतास का?"

"चक्कर आली होती, आत्या."

"चक्कर लिही, अण्णा. धंद्याच्या जागी व्यवसाय कर. 'यातच सगळं आलं' काढून टाक, त्यात काहीच आलेलं नाही."

अण्णाने निमूटपणे खुणा केल्या. वहिनीची पाळी आली, तेव्हा मात्र तो हटून बसला. पुस्तक एकशे बारा पानांचं, म्हणजे बरोबर सात फर्मे. एक पान वाढलं तर सोळा पानांचा आठवा फर्मा लागणार आणि पंधरा पानं कोरी जाणार. "यंत्रातलं काही कापू म्हणता? ते तर पुस्तकाचं काळीज आहे."

"ऐकलंत ना, वन्सं?" वहिनी म्हणाली.

"ऐकलं. हा निकाल राखून ठेवते. छोटी, तुझं काय?"

छोटी खिडकीपासून हलली नाही. "पान सत्त्याऐंशी," ती म्हणाली. "माझं पत्र."

अण्णाची मान खाली गेली. ते पत्र ताईने वाचलं होतं. छोटी एकोणीस वर्षांची असताना वसतिगृहातून तिने ते वडिलांना लिहिलं होतं. बक्षिसं मिळवणारी पोहणारी पोर. आणि पत्रात होतं, की मला पाण्याची भीती वाटते, पण तुम्ही इतक्या लोकांना माझ्याबद्दल सांगून ठेवलंय, की आता मागे फिरायची सोय राहिली नाही.

"हे मी तुम्हाला लिहिलं होतं, बाबा. फक्त तुम्हाला. आईलाही दाखवू नका, असं खाली लिहिलं होतं. ती ओळ तेवढी तुम्ही गाळलीत."

"मला खरंच दाखवलं नव्हतं," वहिनी हळूच म्हणाली. ती अण्णाकडे बघत नव्हती.

"ते फार सुंदर पत्र आहे," अण्णा म्हणाला. "अख्ख्या पुस्तकात तेवढंच चांगलं लिहिलेलं आहे. मला दिसतं ना ते. मी कितीही खरडलं तरी तसं एक वाक्य आलं नाही. म्हणून घातलं."

"आणि सुधारलंत. मी 'भिती' लिहिलं होतं, पहिली वेलांटी. तुम्ही दुसरी केलीत."

"ती चूक होती."

"ती माझी होती!"

नानाने टेबलावरची आपली प्रत मिटली.

"पत्र काढ," ताई म्हणाली. "मूळ पत्र तिला परत दे. आजच."

"दोन पानं जातात, ताई. एकशे दहा होतील. फर्मा बसणार नाही."

"न बसू दे."

अण्णाने दोन्ही पानांवर तिरक्या रेघा मारल्या. छोटी टेबलापाशी आली, ते बघत उभी राहिली आणि तिचा आवाज बदलला. "आत्या, तू का नाहीस गं यात?"

"नाही, म्हणूनच तर..." नाना म्हणायला लागला आणि वाक्य अर्धवट ठेवून स्वतःच थांबला.

"बाबा, आत्या का नाही? आजी गेल्यावर तुम्हाला तिनेच सांभाळलं ना? मालकाचं मांजर आहे. आत्या नाही?"

ताई उठली. "चहा टाकते," ती म्हणाली. कुठल्याही न्यायाधीशाला असं मध्येच उठून जाता आलं नसतं; पण चहा म्हटलं की त्या घरात कोणी अडवत नसे.

स्वयंपाकघरात तिने पातेलं चढवलं, तोच मागून अण्णा आला. दार लोटून घेतलं. त्याच्या हातात अजून पेन्सिल होती.

"रागावलीस?"

"साखर कुठे ठेवता तुम्ही हल्ली?"

त्याने डबा काढून दिला. "ताई, खरं सांगू? लिहिताना मी सगळा वेळ तुझ्याशीच बोलत होतो. रोज सकाळी बसलो की समोर तूच असायचीस. मग तुलाच तुझ्याबद्दल काय सांगायचं? तुला तर सगळं ठाऊकच आहे. म्हणून राहिलं."

ताईने चहापत्ती हातात धरून ठेवली. बोलणं मोठं छान होतं. इतकं छान, की पंचाहत्तर वर्षांत तिच्याशी असं कोणी बोललं नव्हतं. तिने ते तसंच जवळ ठेवून दिलं असतं. पण पुस्तकातलं सातवं, शब्दकोशाचं प्रकरण तिला पाठ होतं.

"शब्दकोशाचं वाक्य काय आहे रे?" तिने विचारलं.

अण्णाने साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"मी सांगते. 'सहाशे पानांचा तो शब्दकोश मी एकट्याने जुळवला, आणि त्यात एकही चूक निघाली नाही.'" तिने पत्ती टाकली. "मला ठाऊक आहे म्हणून गाळलंस, बरं. पण मला जे ठाऊक आहे, त्याच्या उलट कोणासाठी लिहिलंस? मी समोर बसले होते ना?"

बाहेरच्या खोलीत भिंतीवर त्या कोशाबद्दलचं प्रशस्तिपत्र लटकत होतं, 'निर्दोष जुळणीबद्दल'. त्याच्याखाली मुलं मोठी झाली होती. ते मिळालं त्या वर्षी अण्णा सत्तावीसचा होता. शिशाच्या खिळ्यांत दहा वर्षं हात घातल्याने शिसं अंगात भिनलं आणि त्याची दोन्ही मनगटं लुळी पडली. पेला धरता येईना. नाना तेव्हा ट्रकवर, महिना महिना बाहेरगावी. जागा गेली असती, पण फोरमन भला माणूस होता. कोशाचं काम सावकाशीचं आहे, तो म्हणाला. संध्याकाळी कोणी येऊन करत असेल तर मी हजेरीवर तुमच्या भावाचं नाव लावीन, फक्त मालकाला कळता कामा नये. त्यानेच ताईला खिळ्यांचे खण दाखवले. इस्पितळाची खिडकी पाचला बंद झाली की ती मागच्या दाराने छापखान्यात जायची आणि आठपर्यंत उभं राहून उलटी अक्षरं उचलायची. आठ महिने. 'द'पासून 'भ'पर्यंत, त्याचे हात पुन्हा चालू लागेपर्यंत. पुस्तकात त्या आठ महिन्यांची एक ओळ होती: 'मध्यंतरी थोडा आजारी होतो.'

"पहिल्यांदा मालकाला सांगता येत नव्हतं," अण्णा म्हणाला. "मग लग्न झालं. ती चौकट भिंतीवर लागली. मुलं शाळेत सांगायला लागली. इतक्यांदा सांगितलं, की मला स्वतःलाच तसं आठवायला लागलं." तो पेन्सिलीकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "ताई! छोटीच्या पत्राची दोन पानं मोकळी झालीत. त्यात तुझं सगळं लिहितो. फर्माही बसेल!"

ताईला हसू आलं. अगदी मनापासून आलं. हा माणूस बदलणार नव्हता, आणि आता बदललाच तर तिला तो ओळखू आला नसता.

"ती पानं वहिनीला दे," ती म्हणाली. "तिचा निकाल बाकी आहे. माझ्यासाठी एक शब्द काढ. 'एकट्याने.'"

"एवढंच?"

"एवढंच. आणि काढलेला शब्द बाहेर जाऊन वाचून दाखव. निकाल सगळ्यांसमोर द्यायचा असतो."

चहा होईपर्यंत अण्णा तिथेच घुटमळला. साखर जास्त झाली का, दूध उतू जातंय का, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं. शेवटी ताईने त्याच्या हातात कप ठेवलेला ट्रे दिला, म्हणजे त्याला पुढे जाण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

बाहेर त्याने ट्रे ठेवला, पुस्तक उघडलं आणि शाळेत उभं केल्यासारखा उभा राहून वाक्य वाचलं. मग एका शब्दावर रेघ मारली. त्या रेघेचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"एकट्याने का काढलंत?" छोटीने विचारलं.

अण्णाने सांगितलं. नीट नाही सांगता आलं. तो मध्येच फोरमनच्या स्वभावाकडे वळला, मध्येच शिशाच्या गुणधर्मांकडे, पण वहिनीने प्रत्येक वेळी "पुढे?" म्हणून त्याला परत रस्त्यावर आणलं. "सहा महिने ताईने..." तो म्हणाला.

"आठ," ताई म्हणाली.

"आठ महिने."

तो थांबला, तेव्हा चहा निवला होता. नाना भिंतीवरच्या चौकटीकडे बघत होता. "मी महिन्याने घरी यायचो," तो म्हणाला, "तेव्हा हिची बोटं काळी असायची. मी विचारलं होतं. म्हणाली, इस्पितळातली शाई आहे." त्याने डोळे पुसले नाहीत, नुसतं नाक जोरात ओढलं. डॉक्टर उठून आत्याशेजारी येऊन बसला. काय बोलावं हे न सुचल्यामुळे त्याने तिला बिस्किट दिलं.

वहिनी अण्णाकडे रोखून पाहत होती. "पंचेचाळीस वर्षं ती चौकट मी पुसतेय," ती म्हणाली. "मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला ती आवडायची," अण्णा म्हणाला.

वहिनी ताईकडे वळली. "वन्सं, तुम्ही तरी सांगायचंत."

"मला कोणी विचारलं नाही," ताई म्हणाली. हे तिने तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं, पण बोलल्यावर तिला स्वतःलाच ते तक्रारीसारखं ऐकू आलं, आणि मागे घ्यावंसं वाटलं नाही.

"पण एक आहे," अण्णा घाईने म्हणाला. त्याला काहीतरी चांगलं म्हणायचं होतं. "दोघांनी जुळवला, तरी एकही चूक निघाली नाही! हे मात्र खरं. तुझं काम माझ्याइतकंच निर्दोष होतं, ताई."

"एक चूक होती," ताई म्हणाली.

अण्णाचा हात कपावरच राहिला. "कुठे?"

"माझ्या पानांत. छापून झाल्यावर दिसली. फोरमनलाही सांगितली नाही."

"शक्य नाही. चार जणांनी प्रुफं पाहिली होती. कुठला शब्द?"

"आहे एक."

"ऱ्हस्व-दीर्घ की अक्षर?"

ताईने चहाचा घोट घेतला. वर्षानुवर्षांची बाकी सगळी हकिगत सांगताना जो माणूस नुसता ओशाळला होता, तो आता पांढराफटक पडला होता. त्याने स्टूल ओढलं, कपाटाच्या वरच्या फळीवरून तो जाडजूड कोश दोन्ही हातांनी उतरवला, टेबलावर ठेवला आणि भिंग घेतलं. आत्मचरित्राच्या प्रती त्याने बाजूला सारल्या. त्यातली एक खाली पडली, तरी त्याने पाहिलं नाही. कोश उघडून त्याने 'द' काढला आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

"बाबा, चहा," छोटी म्हणाली.

"थांब जरा."

बाकीचे उठले. वहिनीने आपल्या दोन पानांत काय काय यायला हवं, ते नानाला सांगायला सुरुवात केली. डॉक्टर आतून पत्रांचा डबा घेऊन आला आणि छोटी जमिनीवर बसून आपलं पत्र शोधू लागली. ताई मात्र खुर्चीतून हलली नाही. ती अण्णाकडे बघत बसली. तो एकेक शब्द वाचत होता, पुटपुटत, अर्थासकट, कुठेही उडी न मारता. तिची पानं पंचेचाळीस वर्षांत अशी कोणी वाचली नव्हती.

चूक 'पिशवी'त होती. तिथे शेवटच्या 'वी'ला दुसरीऐवजी पहिली वेलांटी पडली होती. त्याच्या या चालीने 'पि' यायला परवा उजाडलं असतं. ताईने सांगितलं नाही.